चरित्र अभिनेता आणि सत्तेचा चेहरा : निळू फुले यांच्या नाट्य-चित्रपट कारकिर्दीचे ऐतिहासिक अध्ययन (हेमलकसा परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या आधुनिक इतिहासाचे लेखन करताना आपण सामान्यतः राजकीय नेते, चळवळी, संस्था आणि कायदे यांचा आधार घेतो. रंगभूमी व चित्रपटातील कलावंत या लेखनात आलेच तर 'सांस्कृतिक जीवन' या शेवटच्या प्रकरणात, नामावलीच्या स्वरूपात येतात. त्यातही नायक-नायिका, गायक-नट आणि दिग्दर्शक यांना स्थान मिळते. चरित्र अभिनेता मात्र त्या नामावलीतही मागच्या बाकावर असतो. वास्तविक समाजातील सावकार, पाटील, पुढारी, कारकून, पत्रकार, मास्तर अशी जी माणसे रोजच्या जीवनात सत्ता वापरतात किंवा सत्तेखाली दबतात, त्यांचे दर्शन नायकापेक्षा चरित्र अभिनेताच अधिक घडवतो. म्हणूनच एखाद्या काळात सामान्य माणसाला सत्ता कशी दिसत होती हे समजून घेण्यासाठी चरित्र अभिनेत्याची कारकीर्द हे इतिहासाचे एक उपयुक्त साधन ठरते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या दृष्टीने निळू फुले यांच्या कारकिर्दीइतके बोलके उदाहरण मराठीत दुसरे क्वचितच सापडेल. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून पुढे आलेला, समाजवादी विचारांचा, वृत्तीने अत्यंत साधा असा हा माणूस पडद्यावर मात्र ग्रामीण महाराष्ट्रातील जुलमी सत्तेचा सर्वमान्य चेहरा बनला. या विसंगतीचा अर्थ लावणे हे प्रस्तुत निबंधाचे मुख्य प्रयोजन होय.

अभ्यासाची उद्दिष्टे आणि मर्यादा

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) निळू फुले यांच्या जडणघडणीचा व कारकिर्दीचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२) त्यांनी उभ्या केलेल्या व्यक्तिरेखांचा १९६० ते १९८० या काळातील महाराष्ट्राच्या सत्ताकारणाशी असलेला संबंध तपासणे.
३) पश्चिम महाराष्ट्राच्या अनुभवातून घडलेली ही सत्तेची प्रतिमा हेमलकसा-भामरागडसारख्या वनप्रदेशाच्या संदर्भात कितपत लागू पडते, याचा विचार करणे.

या निबंधात त्यांच्या सर्व चित्रपटांची जंत्री देण्याचा हेतू नाही. निवडक भूमिकांच्या आधारे विवेचन केले आहे. निबंधाचे स्वरूप वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे.

जडणघडण : माळीकाम आणि सेवा दल

नीळकंठ कृष्णाजी फुले यांचा जन्म १९३० च्या सुमारास पुणे येथे झाला. घरची परिस्थिती सामान्य होती. तरुणपणी त्यांनी पुण्यातील सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळी म्हणून नोकरी केली. या तुटपुंज्या पगारातूनही ते सेवा दलाच्या कामासाठी काही रक्कम बाजूला काढत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. नाट्यशिक्षणाची कोणतीही औपचारिक पदवी त्यांच्याजवळ नव्हती. कष्टकऱ्यांची वस्ती, बागेतील काम आणि संघटनेची शाखा हेच त्यांचे अभिनयाचे विद्यालय होते.

राष्ट्र सेवा दलाची स्थापना १९४१ मध्ये झाली. साने गुरुजी, एस. एम. जोशी आदींच्या विचारांचा या संघटनेवर प्रभाव होता. लोकशाही, समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि राष्ट्रीयता ही मूल्ये गाणी, नृत्ये, पोवाडे व लोकनाट्ये यांच्याद्वारे खेड्यापाड्यांत नेण्याचे काम दलाच्या कलापथकाने केले. वसंत बापट, लीलाधर हेगडे यांच्यासारख्या प्रतिभावंतांचा या कार्यात मोठा वाटा होता. पुढे व्यावसायिक रंगभूमी व चित्रपट गाजवणारे दादा कोंडके, राम नगरकर आणि निळू फुले हे तिघेही सेवा दलाच्याच वातावरणात वाढले, ही बाब लक्षणीय आहे. मराठी विनोदी व ग्रामीण चित्रपटाच्या इतिहासात एका राजकीय-सामाजिक संघटनेचे हे ऋण पुरेसे नोंदवले गेलेले नाही.

कलापथकाच्या प्रयोगात रंगमंच म्हणजे चार फळ्या किंवा देवळासमोरचा ओटा असे. नेपथ्य जवळजवळ नसे. प्रेक्षक तीन बाजूंनी बसलेला असे व तो पसंती-नापसंती तत्काळ व्यक्त करी. अशा ठिकाणी मोठे हावभाव करण्यापेक्षा शब्द नेमका टाकणे, थांबणे आणि समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरची प्रतिक्रिया वाचणे अधिक उपयोगी पडते. पुढील काळात निळू फुले यांच्या अभिनयाची जी वैशिष्ट्ये सर्वमान्य झाली, म्हणजे दाबलेला, किंचित खरखरीत आवाज, तिरकी नजर, संवादापूर्वीचा विराम आणि शरीराची संथ हालचाल, त्यांची मुळे या शिक्षणात शोधता येतात.

लोकनाट्य : पुढाऱ्याची पहिली ओळख

१९५७ च्या निवडणुकीच्या काळात 'येरे येरे पैसा' या लोकनाट्यातून त्यांचे नाव पुढे आले. हा काळ संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाचा होता. शाहिरी व लोकनाट्य हे प्रकार त्या वेळी करमणुकीबरोबरच राजकीय प्रचाराचे प्रभावी माध्यम बनले होते. त्यानंतर पु. ल. देशपांडे यांच्या 'पुढारी पाहिजे' या वगातील त्यांची भूमिका लोकांच्या लक्षात राहिली. शीर्षकावरूनच स्पष्ट होते की, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकातच 'पुढारी' हा महाराष्ट्रात थट्टेचा विषय झाला होता.

शंकर पाटील यांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने निळू फुले यांना व्यावसायिक यश मिळवून दिले. या लोकनाट्याचे प्रयोग मोठ्या संख्येने झाले. पारंपरिक तमाशातील गण, गवळण, बतावणी आणि वग या चौकटीत समकालीन ग्रामीण राजकारणावर भाष्य करण्याची जी परंपरा स्वातंत्र्योत्तर लेखकांनी निर्माण केली, तिचे हे महत्त्वाचे उदाहरण होय. वसंत सबनीस यांचे 'विच्छा माझी पुरी करा' हे याच परंपरेतील दुसरे गाजलेले लोकनाट्य. वगातील राजा, प्रधान, कोतवाल ही पात्रे नावाने जुनी असली तरी बोलत होती ती आमदार, सभापती आणि फौजदार यांचीच भाषा. निळू फुले यांच्या पुढील सर्व पाटील व पुढाऱ्यांचा पूर्वज वगातील या पात्रांत आहे.

पाटीलकीचा अस्त आणि पडद्यावरील पाटलाचा उदय

१९६८ मध्ये अनंत माने दिग्दर्शित 'एक गाव बारा भानगडी' हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यातील झेलेअण्णा या भूमिकेमुळे निळू फुले चित्रपटसृष्टीत स्थिरावले. त्यानंतर 'सोंगाड्या' (१९७१), 'पिंजरा' (१९७२) अशा अनेक चित्रपटांतून ते दिसले आणि बघता बघता ग्रामीण चित्रपटातील खलपुरुष म्हणजे निळू फुले असे समीकरण झाले.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने एका गोष्टीकडे लक्ष दिले पाहिजे. महाराष्ट्र राज्याची स्थापना १ मे १९६० रोजी झाली. १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांची त्रिस्तरीय व्यवस्था अस्तित्वात आली. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने महसुली पाटलाचे वंशपरंपरागत पद रद्द करण्यात आले व त्याची जागा शासनाने नेमलेल्या पोलीस पाटील व तलाठी यांनी घेतली. म्हणजे ज्या काळात वतनदार पाटील कायद्याने संपला, नेमक्या त्याच काळात तो पडद्यावर अधिक ठळकपणे अवतरला. ही केवळ योगायोगाची बाब मानता येणार नाही.

कायद्याने पद गेले तरी सत्ता गेली नाही. तिने रूप बदलले. प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना हा शेतकऱ्यांच्या सामूहिक उद्यमाचा आदर्श होता. त्याच्या अनुकरणाने पश्चिम महाराष्ट्रात कारखाने, बँका, दूध संघ, शिक्षण संस्था यांचे जाळे विणले गेले. या जाळ्याने ग्रामीण भागात समृद्धी आणली हे खरे. परंतु ज्यांच्या हाती आधीच जमीन व प्रतिष्ठा होती, त्यांच्याच हाती अनेक ठिकाणी संस्थांच्या किल्ल्याही गेल्या. जुना पाटील वाड्यातून उठून कारखान्याच्या अध्यक्षाच्या खुर्चीवर बसला. निळू फुले यांच्या व्यक्तिरेखा या स्थित्यंतराच्या दोन्ही टोकांना आहेत. धोतर-फेट्यातील, वाड्यावर हुकूम सोडणारा पाटील एका टोकाला आणि पांढरी टोपी घालून 'विकासा'ची भाषा बोलणारा सहकारसम्राट दुसऱ्या टोकाला. एकच नट या दोहोंना साकार करतो, तेव्हा प्रेक्षकाला त्यांच्यातील नाते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

'सखाराम बाईंडर' : घरातील सत्ता

१९७२ मध्ये विजय तेंडुलकर यांचे 'सखाराम बाईंडर' हे नाटक कमलाकर सारंग यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. शीर्षकभूमिकेत निळू फुले तर चंपाच्या भूमिकेत लालन सारंग होत्या. नवऱ्यांनी टाकलेल्या स्त्रियांना आपल्या अटींवर घरी आणून ठेवणारा, लग्नसंस्थेचा दांभिकपणा उघडपणे बोलून दाखवणारा आणि तरीही स्वतः त्याच घरात हुकूमशहा असलेला सखाराम हा मराठी रंगभूमीवरील अपूर्व नायक होता. नाटकावर अश्लीलतेचा आरोप झाला. परिनिरीक्षण मंडळाने मोठ्या प्रमाणावर काटछाट सुचवली. सारंग यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली व न्यायालयाच्या निर्णयाने नाटकाचा मार्ग मोकळा झाला. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या महाराष्ट्रातील इतिहासात या प्रकरणाचे स्थान महत्त्वाचे आहे.

अभिनयाच्या दृष्टीने पाहता, लोकनाट्यात घडलेल्या नटाने शहरी प्रायोगिक नाटकाची मध्यवर्ती भूमिका पेलणे ही त्या काळी सोपी गोष्ट नव्हती. मराठी रंगभूमीवर 'पांढरपेशांचे नाटक' आणि 'लोकांचा तमाशा' अशी एक अलिखित सीमारेषा होती. निळू फुले यांनी ती ओलांडली. सखारामच्या भाषेतील राकटपणा त्यांना बाहेरून आणावा लागला नाही. तथापि त्या राकटपणामागे असलेले एकटेपण त्यांनी दाखवले, हे या भूमिकेचे खरे यश होय. पुढे जयवंत दळवी यांच्या 'सूर्यास्त' या नाटकातही त्यांनी महत्त्वाची भूमिका केली. स्वातंत्र्य चळवळीतील मूल्ये आणि स्वातंत्र्योत्तर सत्ताकारण यांच्यातील संघर्ष हा त्या नाटकाचा विषय होता. सेवा दलात वाढलेल्या नटाला तो परका असण्याचे कारण नव्हते.

'सामना' आणि 'सिंहासन' : सत्तेच्या दोन बाजू

निळू फुले यांच्या चित्रपट कारकिर्दीचा कळस म्हणून 'सामना' (१९७४) आणि 'सिंहासन' (१९७९) या दोन चित्रपटांचा उल्लेख करावा लागेल. दोन्हींचे दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेल यांचे व पटकथा तेंडुलकर यांची होती. 'सामना'ची निर्मिती रामदास फुटाणे यांनी केली होती व १९७५ च्या बर्लिन आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात हा चित्रपट स्पर्धा विभागात दाखवला गेला.

'सामना'तील हिंदुराव धोंडे पाटील हा सहकारी साखरधंद्यावर साम्राज्य उभारलेला पुढारी. त्याच्या गावात एक व्यसनी, फाटका, पूर्वाश्रमीचा ध्येयवादी मास्तर येतो. ही भूमिका डॉ. श्रीराम लागू यांनी केली. गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळे या माणसाचे पुढे काय झाले, एवढाच एक प्रश्न हा मास्तर विचारीत राहतो आणि त्या प्रश्नाने साम्राज्याचा पाया हादरतो. निळू फुले यांनी हिंदुरावला सरधोपट खलनायक होऊ दिले नाही. हा माणूस कर्तबगार आहे, त्याने कारखाना उभारला आहे, शेकडो लोकांच्या हाताला काम दिले आहे आणि त्याला आपल्या कर्तृत्वाचा रास्त अभिमानही आहे. त्याच्या मते एका माणसाचा प्रश्न या सर्व कामगिरीपुढे क्षुल्लक आहे. सत्तेचा हा युक्तिवाद जितक्या प्रामाणिकपणे नटाने मांडला, तितका तो अधिक भयंकर वाटतो. विकासाच्या नावाने एका सामान्य माणसाचे नाहीसे होणे क्षम्य ठरते काय, हा प्रश्न आणीबाणीच्या उंबरठ्यावर मराठी चित्रपटाने विचारला.

'सिंहासन' हा चित्रपट अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' व 'सिंहासन' या कादंबऱ्यांवर आधारलेला आहे. मुख्यमंत्री (अरुण सरनाईक), अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे (डॉ. लागू) आणि त्यांच्यातील डावपेच हा त्याचा विषय. येथे निळू फुले यांना सत्ताधाऱ्याची भूमिका दिलेली नाही, हे विशेष. ते आहेत दिगू टिपणीस नावाचे पत्रकार. सर्व काही पाहणारा, सर्व काही ठाऊक असलेला, परंतु काहीही बदलू न शकणारा हा माणूस शेवटी मनाचा तोल गमावतो. पाच वर्षांच्या अंतराने एकाच नटाने सत्ता गाजवणारा आणि सत्तेचा हतबल साक्षीदार अशा दोन्ही भूमिका केल्या. चरित्र अभिनेत्याच्या कारकिर्दीचा एकत्रित विचार का करावा, याचे याहून स्पष्ट कारण देता येणार नाही. सुट्या चित्रपटाच्या परीक्षणात हा संबंध दिसत नाही.

हिंदी चित्रपटांतही त्यांनी काम केले. 'कुली' (१९८३) सारख्या लोकप्रिय चित्रपटाबरोबरच महेश भट्ट यांच्या 'सारांश' (१९८४) मधील गजानन चित्रे हा स्थानिक पुढारी विशेष उल्लेखनीय आहे. तथापि हिंदीत त्यांना मराठीतील वैविध्य मिळाले नाही. संगीत नाटक अकादमीच्या पुरस्काराने त्यांच्या रंगभूमीवरील कार्याची राष्ट्रीय पातळीवर दखल घेतली गेली.

प्रतिमा आणि माणूस

पडद्यावरील प्रतिमा इतकी प्रभावी ठरली की, ग्रामीण भागातील स्त्रिया प्रत्यक्षातही त्यांना पाहून बिचकत, असे अनेकांनी नमूद केले आहे. पुढे नकलाकारांनी वाड्यावर बोलावणाऱ्या पाटलाची एक ठरावीक नक्कल रूढ केली आणि नव्या पिढीला निळू फुले ठाऊक झाले ते बहुतांशी या नकलेतूनच. हिंदुराव आणि दिगू टिपणीस मागे पडले. एका समर्थ नटाची कारकीर्द लोकस्मृतीत कशी आकसते, याचे हे उदाहरण आहे व महाविद्यालयीन अध्यापकांनी त्याची नोंद घेणे आवश्यक आहे.

व्यक्ती म्हणून मात्र ते या प्रतिमेच्या नेमके उलट होते. समाजवादी चळवळीशी त्यांचे नाते अखेरपर्यंत टिकले. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्याला त्यांनी साथ दिली. डॉ. बाबा आढाव, डॉ. नरेंद्र दाभोलकर, डॉ. लागू यांच्यासोबत ते 'सामाजिक कृतज्ञता निधी'च्या उभारणीत सहभागी झाले. पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावे यासाठी हा निधी होता. त्याकरिता आचार्य अत्रे यांच्या 'लग्नाची बेडी' या नाटकाचे प्रयोग नामवंत कलावंतांनी महाराष्ट्रभर केले व निळू फुले त्यांपैकी एक होते. या निधीच्या नावातील 'कृतज्ञता' हा शब्द अर्थपूर्ण आहे. समाजासाठी राबणाऱ्यांचे आपण देणे लागतो आणि ते देणे म्हणजे उपकार नव्हे, ही भूमिका त्यातून व्यक्त होते.

हेमलकशाच्या संदर्भात

आतापर्यंतचे विवेचन मुख्यतः पश्चिम महाराष्ट्राच्या अनुभवाशी निगडित आहे. ज्या वनप्रदेशात प्रस्तुत लेखक अध्यापन करतो, तेथून या कारकिर्दीकडे पाहिले असता काही वेगळे प्रश्न उपस्थित होतात.

बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडनजीक हेमलकसा येथे लोक बिरादरी प्रकल्पाची सुरुवात केली व डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे दवाखाना, शाळा आणि वन्यप्राण्यांचे अनाथालय उभे केले. म्हणजे पडद्यावर हिंदुराव धोंडे पाटील आकार घेत होता, त्याच सुमारास पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती यांच्या संगमाच्या परिसरात माडिया गोंड समाजाला आधुनिक वैद्यकीय उपचार प्रथमच नियमितपणे मिळू लागले होते. महाराष्ट्र एक, वर्षे तीच. परंतु इतिहासाचे टप्पे भिन्न. एकीकडे सहकारातून आलेल्या समृद्धीतील सत्तेच्या गैरवापराची चर्चा होती, तर दुसरीकडे पावसाळ्यात नद्यांना पूर आला की बाहेरच्या जगाशी संपर्कच तुटत असे.

या भागात पश्चिम महाराष्ट्रातील वतनदार पाटील कधीच नव्हता. जमीनदारी व मालगुजारी पद्धतीचा येथे प्रभाव होता आणि ती १९५१ मध्ये, हा प्रदेश तत्कालीन मध्य प्रदेशात असताना, कायद्याने संपुष्टात आली. माडिया गावात पेरमा, गायता यांसारख्या प्रमुखांचा मान होता, पण तो संपत्तीवर आधारलेला नव्हता. सामान्य आदिवासीला सत्ता दिसली ती वनरक्षकाच्या, सावकाराच्या, तेंदूपत्ता व बांबूच्या ठेकेदाराच्या आणि पुढे बंदुकीच्या रूपात. ऊस नाही, कारखाना नाही, वाडा नाही. असे असताना 'पाटील' म्हणताच येथील विद्यार्थ्याच्याही डोळ्यांसमोर निळू फुले उभे राहतात, ही बाब विचार करण्यासारखी आहे. मराठी चित्रपटाने एका विभागाचा अनुभव संपूर्ण महाराष्ट्राचा अनुभव म्हणून प्रस्थापित केला, हे त्यावरून सिद्ध होते. आपल्यावर प्रत्यक्ष सत्ता गाजवणाऱ्याचा चेहरा येथील माणसाला पडद्यावर क्वचितच पाहावयास मिळाला.

याचा अर्थ या प्रदेशाला स्वतःची नाट्यपरंपरा नव्हती असा मुळीच नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया या धानपट्ट्यातील झाडीपट्टी रंगभूमी ही महाराष्ट्रातील एक जिवंत व स्वयंपूर्ण रंगभूमी आहे. दंडार, खडी गंमत यांसारख्या लोकप्रकारांतून ती विकसित झाली. धानाची कापणी आटोपली की दिवाळीनंतर मंडई व शंकरपटाच्या निमित्ताने गावोगावी नाटके होतात आणि प्रयोग रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो. देसाईगंज (वडसा) हे तिचे मुख्य केंद्र होय. गडचिरोली जिल्ह्यातील गुरनोली येथील डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री हा सन्मान मिळाला. पाच हजारांहून अधिक प्रयोग आणि सुमारे आठशे भूमिका अशी त्यांच्या कामगिरीची नोंद आहे. संख्येच्या दृष्टीने पाहिले तर शहरातील फार थोड्या नटांना अशी कामगिरी साधली असेल. तरीही मराठी नाट्येतिहासाच्या अभ्यासक्रमात झाडीपट्टीतील चरित्र अभिनेत्याला आजही पुरेसे स्थान नाही. निळू फुले यांच्या वाट्याला सीमारेषा ओलांडण्याची संधी आली. येथील नटांच्या वाट्याला ती आली नाही. हा गुणवत्तेतील फरक नसून, पुणे-मुंबई आणि वडसा यांच्यातील अंतराचा परिणाम आहे.

याच संदर्भात निळू फुले यांच्याविषयीची एक हकीकत येथे नोंदवणे उचित ठरेल. महाराष्ट्र भूषण पुरस्कारासाठी आपल्या नावाचा विचार होत असल्याचे कळल्यावर त्यांनी तो घेण्यास नम्रपणे नकार दिला व गडचिरोलीत काम करणाऱ्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचे नाव सुचवले, असे त्यांच्या आठवणींत सांगितले जाते. आठवण ही दस्तऐवजाइतकी निर्णायक नसते याची जाणीव ठेवूनच तिच्याकडे पाहिले पाहिजे. तथापि २००३ चा महाराष्ट्र भूषण पुरस्कार बंग दाम्पत्याला आणि २००४ चा बाबा आमटे यांना प्राप्त झाला, ही नोंद उपलब्ध आहे. ही आठवण त्यांच्या एकूण जीवनदृष्टीशी सुसंगत आहे. आपण मोबदला घेऊन अभिनय करतो, तर काही माणसे मोबदल्याची अपेक्षा न ठेवता समाज घडवतात, हा फरक त्यांनी कायम मानला. कृतज्ञता निधीमागेही हीच जाणीव होती.

पुढे २०१४ मध्ये डॉ. प्रकाश आमटे यांच्या जीवनावर समृद्धी पोरे दिग्दर्शित चित्रपट आला व नाना पाटेकर यांनी मुख्य भूमिका केली. हेमलकसा त्यानिमित्ताने पडद्यावर आले. परंतु त्या पडद्यावर माडिया माणूस मुख्यतः उपचार घेणारा म्हणून आला. स्वतःच्या गावाची कथा सांगणारा, स्वतःच्या भाषेत सत्तेची थट्टा करणारा माडिया नट अद्याप यावयाचा आहे. सेवा दलाच्या कलापथकाने पुण्यातील एका माळ्याला जे दिले, ते येथील आश्रमशाळेतील विद्यार्थ्याला कोण देणार, हा प्रश्न शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्या आपणा सर्वांसमोर आहे.

निष्कर्ष

१) निळू फुले यांची जडणघडण व्यावसायिक नाट्यसंस्थेत न होता राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात झाली. त्यामुळे त्यांच्या अभिनयामागे सुरुवातीपासून सामाजिक दृष्टी होती.
२) वंशपरंपरागत पाटीलकी कायद्याने संपली त्याच काळात पडद्यावरील पाटील प्रभावी झाला. सत्ता नष्ट न होता रूपांतरित झाल्याची समाजाची जाणीव त्यातून व्यक्त झाली.
३) 'सामना' व 'सिंहासन' यांचा एकत्रित विचार केल्यास सत्ताधारी आणि साक्षीदार अशा दोन्ही बाजू एकाच नटाच्या कारकिर्दीत आढळतात.
४) त्यांनी साकारलेली सत्तेची प्रतिमा पश्चिम महाराष्ट्राच्या अनुभवातून आलेली होती. वनप्रदेशातील सत्तेचे स्वरूप भिन्न असूनही तीच प्रतिमा येथेही रूढ झाली.
५) झाडीपट्टी रंगभूमीवरील चरित्र अभिनेत्यांच्या कारकिर्दीचे पद्धतशीर दस्तऐवजीकरण होणे आवश्यक आहे. मौखिक इतिहासाच्या पद्धतीने हे काम स्थानिक महाविद्यालयांतील इतिहास व मराठी विभागांना संयुक्तपणे हाती घेता येईल.

समारोप

१३ जुलै २००९ रोजी पुणे येथे निळू फुले यांचे निधन झाले. चाळीस वर्षांहून अधिक काळ ते लोकांसमोर होते व त्यातील बराच काळ लोकांनी त्यांचा मनापासून राग केला. नटाच्या दृष्टीने ही सर्वांत मोठी पावती होय. ज्या सत्तेविरुद्ध त्यांचे विचार होते, तिलाच त्यांनी चेहरा दिला. कारण चेहरा दिसल्याशिवाय सामान्य माणसाला सत्तेशी भांडता येत नाही. भामरागडच्या जंगलातील माणसाला मात्र आपल्या सत्ताधाऱ्याचा चेहरा अजून नीट दिसलेला नाही. तो दाखवणारा नट याच मातीतून उभा राहावा आणि त्याला उभे करण्यात येथील महाविद्यालयांचाही वाटा असावा, एवढी अपेक्षा व्यक्त करून हा निबंध पूर्ण करतो.